महिला आशिया चषक फुटबॉल स्पर्धेची पात्रता

एएफसी महिला आशिया चषक ही आशियाई फुटबॉल महासंघाच्या (एएफसी) सदस्य देशांतील महिला राष्ट्रीय संघांची खंडीय अजिंक्यपद स्पर्धा आहे. या स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात १२ संघ खेळतात. त्यांतील काही संघांना थेट प्रवेश मिळतो, उरलेले संघ पात्रता फेरीतून निवडले जातात. फिफा महिला विश्वचषकासाठी आशियातील संघही याच स्पर्धेतून ठरत असल्यामुळे पात्रता फेरीला दुहेरी महत्त्व आहे. २०२२ ची स्पर्धा महाराष्ट्रात मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे झाली. त्या वेळी भारताला यजमान म्हणून थेट प्रवेश मिळाला होता. २०२६ च्या स्पर्धेत मात्र भारताने पात्रता फेरी जिंकून प्रवेश मिळवला. पात्रता फेरीतून अंतिम टप्पा गाठण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ होती.

पार्श्वभूमी

आशियाई महिला फुटबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९७५ मध्ये हाँगकाँग येथे प्रथम भरली. सुरुवातीच्या काळात महिलांचे राष्ट्रीय संघ असलेले देश मोजकेच होते. भारत या काळातील प्रमुख संघांपैकी एक होता. केरळमधील कोळिकोड (कालिकत) येथे १९७९-८० मध्ये झालेल्या आणि बँकॉक येथे १९८३ मध्ये झालेल्या स्पर्धांत भारताने उपविजेतेपद मिळवले. पुढे चीन, जपान, उत्तर कोरिया व दक्षिण कोरिया या देशांनी महिला फुटबॉलची पद्धतशीर बांधणी केली आणि भारत मागे पडला. २००३ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत १४ संघ होते व त्यांत भारतही होता. त्यानंतर २०२२ पर्यंत भारत अंतिम टप्प्यात दिसला नाही.

२००८ ते २०१८ या काळात अंतिम टप्प्यात फक्त ८ संघांना स्थान होते. संघांची संख्या वाढत गेली व जागा मर्यादित राहिल्या, त्यामुळे पात्रता फेरी अधिकाधिक कठीण होत गेली. २०२२ च्या स्पर्धेपासून ही संख्या १२ करण्यात आली.

प्रवेशाचे मार्ग

अंतिम टप्प्यात प्रवेश मिळवण्याचे तीन मार्ग आहेत.

१. यजमानपद : स्पर्धा भरवणाऱ्या देशाच्या संघाला पात्रता फेरी न खेळता स्थान मिळते. २०२२ मध्ये हे स्थान भारताला व २०२६ मध्ये ऑस्ट्रेलियाला मिळाले.

२. मागील स्पर्धेतील कामगिरी : मागील स्पर्धेतील पहिल्या तीन क्रमांकांच्या संघांना थेट प्रवेश दिला जातो. २०१८ च्या कामगिरीवर जपान, ऑस्ट्रेलिया व चीन २०२२ साठी पात्र ठरले. २०२२ च्या कामगिरीवर चीन, दक्षिण कोरिया व जपान २०२६ साठी पात्र ठरले.

३. पात्रता फेरी : उरलेल्या ८ जागांसाठी इतर सर्व इच्छुक संघ खेळतात. प्रत्येक गटातील केवळ अव्वल संघ पुढे जातो.

यजमान संघानेही पात्रता फेरी खेळल्याचे उदाहरण आहे. २०१८ च्या स्पर्धेचा यजमान जॉर्डन पात्रता फेरीत उतरला व आपल्या गटात पहिला आला. त्याची जागा आधीच निश्चित असल्याने त्या गटातील दुसऱ्या क्रमांकाच्या फिलिपाईन्सला प्रवेश मिळाला.

पात्रता फेरीची रचना

संघांचे गट सोडतीने पाडले जातात. सोडतीपूर्वी संघांची मानांकनानुसार स्तरांत विभागणी होते आणि प्रत्येक गटात प्रत्येक स्तरातील एकापेक्षा अधिक संघ येणार नाही अशी काळजी घेतली जाते. त्यामुळे बलाढ्य संघ एकाच गटात एकवटत नाहीत.

एका गटाचे सर्व सामने साधारणपणे एकाच देशात, एकाच शहरात व सलग काही दिवसांत होतात. गटातील प्रत्येक संघ इतर प्रत्येक संघाशी एकदाच खेळतो. विजयाला ३ गुण, बरोबरीला १ गुण व पराभवाला शून्य गुण मिळतो. परतीचा सामना नसल्यामुळे एका दिवसाची चूक भरून काढण्याची संधी फारशी उरत नाही. तसेच गटाचे यजमानपद मिळालेल्या संघाला घरच्या मैदानाचा व प्रेक्षकांचा लाभ मिळतो.

२०२२ च्या पात्रता फेरीत २८ संघांचे ८ गट करण्यात आले होते. २०२६ च्या पात्रता फेरीत ३४ संघ होते. त्यांचे पाच संघांचे २ व चार संघांचे ६ असे एकूण ८ गट झाले.

समान गुण झाल्यास

दोन किंवा अधिक संघांचे गुण समान झाल्यास प्रथम त्या संघांमधील परस्पर सामन्यांचा विचार होतो. त्यात परस्पर सामन्यांतील गुण, गोलफरक व केलेले गोल हे निकष क्रमाने लावले जातात. त्यानेही निर्णय न झाल्यास गटातील सर्व सामन्यांचा गोलफरक व नंतर एकूण गोल पाहिले जातात. हे निकषही समान ठरले आणि संबंधित दोन संघ गटातील अखेरच्या सामन्यात एकमेकांविरुद्ध मैदानावरच असले, तर पेनल्टी शूटआउट घेतले जाते. त्यानंतर पिवळ्या व लाल कार्डांवरून मोजलेले शिस्तीचे गुण आणि सर्वांत शेवटी चिठ्ठी हे उपाय उरतात.

हे नियम केवळ कागदावरचे नाहीत, हे २०१७ च्या एप्रिलमध्ये प्याँगयाँग येथे झालेल्या गटातून स्पष्ट होते. या गटात उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया, उझबेकिस्तान, हाँगकाँग व भारत हे संघ होते. दोन्ही कोरियांमधील सामना १–१ असा बरोबरीत सुटला व दोघांनीही उरलेले तिन्ही सामने जिंकले. गुण समान, परस्पर सामनाही बरोबरीत, त्यामुळे निर्णय एकूण गोलफरकावर गेला. दक्षिण कोरियाचा गोलफरक २० व उत्तर कोरियाचा १७ होता. दक्षिण कोरियाने भारताला १०–० असे व उत्तर कोरियाने ८–० असे हरवले होते. म्हणजे या तीन गोलांच्या अंतरातील दोन गोल भारताविरुद्धच्या सामन्यांतून आलेले होते. तोवर तीन वेळा आशियाई विजेता ठरलेला उत्तर कोरिया स्वतःच्या राजधानीत एकही सामना न हरता २०१८ च्या आशिया चषकातून बाहेर पडला. साहजिकच २०१९ च्या विश्वचषकाचा मार्गही त्याच्यासाठी बंद झाला. दुबळ्या संघाविरुद्धचा प्रत्येक गोल मोलाचा का मानला जातो, याचे हे ठळक उदाहरण आहे. भारताच्या दृष्टीने हा गट आशियातील अव्वल संघांपासूनचे अंतर दाखवणारा ठरला.

२०२२ : महाराष्ट्रातील स्पर्धा

एएफसीने जून २०२० मध्ये २०२२ च्या स्पर्धेचे यजमानपद भारताला दिले. कोविड-१९ च्या साथीमुळे संघांचा प्रवास कमी व्हावा या हेतूने सर्व सामने महाराष्ट्रातच घेण्याचे ठरले. नवी मुंबईतील डी. वाय. पाटील स्टेडियम, मुंबईतील अंधेरी क्रीडासंकुलातील फुटबॉल मैदान आणि पुण्यातील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल ही तीन ठिकाणे निवडण्यात आली. स्पर्धा २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात झाली.

पात्रता फेरीतून दक्षिण कोरिया, थायलंड, व्हिएतनाम, फिलिपाईन्स, म्यानमार, इंडोनेशिया, चायनीज तैपेई व इराण हे ८ संघ आले. इराणने आपल्या गटात जॉर्डनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून प्रथमच अंतिम टप्पा गाठला होता.

भारताचा समावेश चीन, चायनीज तैपेई व इराण यांच्यासह अ गटात होता. २० जानेवारी रोजी नवी मुंबईत भारत व इराण यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्यानंतर भारतीय चमूतील अनेक खेळाडूंना कोविडची लागण झाली. स्पर्धेच्या विशेष नियमांनुसार सामन्यासाठी किमान १३ खेळाडू उपलब्ध असणे आवश्यक होते. २३ जानेवारी रोजी चायनीज तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी भारताला तेवढे खेळाडू उभे करता आले नाहीत. त्यामुळे भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे मानण्यात आले आणि इराणविरुद्धचा निकालही रद्दबातल ठरला. यजमान संघाच्या नावावर या स्पर्धेत एकही अधिकृत निकाल राहिला नाही.

या माघारीचा परिणाम इतर गटांवरही झाला. १२ संघांच्या स्पर्धेत तीन गट असतात. प्रत्येक गटातील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाच्या संघांपैकी सर्वोत्तम दोन असे ८ संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. अ गटात तीनच संघ उरल्यामुळे तिसऱ्या क्रमांकाच्या संघांची तुलना करताना इतर दोन गटांतील चौथ्या क्रमांकाच्या संघाविरुद्धचे निकाल वगळावे लागले. थायलंड व व्हिएतनाम हे या मार्गाने पुढे गेले.

पुण्यातील मैदानावर स्पर्धेतील काही निर्णायक सामने झाले. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १–० असे हरवले. त्याच फेरीत फिलिपाईन्सने चायनीज तैपेईवर पेनल्टी शूटआउटमध्ये विजय मिळवला व प्रथमच विश्वचषकात स्थान निश्चित केले. उपांत्य फेरीत चीनने जपानला शूटआउटमध्ये, तर दक्षिण कोरियाने फिलिपाईन्सला २–० असे पराभूत केले. ६ फेब्रुवारी रोजी नवी मुंबईतील अंतिम सामन्यात चीन दोन गोलांनी पिछाडीवर होता. उत्तरार्धात त्याने तीन गोल करून ३–२ असा विजय व नववे विजेतेपद मिळवले.

२०२६ : भारताची पात्रता

२०२६ च्या पात्रता फेरीत भारत ब गटात होता. थायलंड, इराक, मंगोलिया व पूर्व तिमोर हे इतर संघ होते. सर्व सामने थायलंडमधील च्यांग माई येथे जून–जुलै २०२५ मध्ये झाले. क्रिस्पिन छेत्री हे भारताचे मुख्य प्रशिक्षक होते. भारताचे निकाल पुढीलप्रमाणे :

२३ जून : भारत १३, मंगोलिया ०
२९ जून : भारत ४, पूर्व तिमोर ०
२ जुलै : भारत ५, इराक ०
५ जुलै : भारत २, थायलंड १

अखेरच्या सामन्यापूर्वी भारत व थायलंड या दोघांचेही तीन सामन्यांतून ९ गुण झाले होते. दोघांनीही २२ गोल केले होते व एकही गोल स्वीकारला नव्हता. त्यामुळे सामना बरोबरीत सुटला असता, तर वर सांगितलेल्या नियमानुसार गटाचा निर्णय पेनल्टी शूटआउटने झाला असता. फिफा क्रमवारीत थायलंड भारताच्या बराच वर होता, मैदानही त्याचे होते आणि २०१५ व २०१९ असे दोन विश्वचषक खेळल्याचा अनुभवही त्याच्या पाठीशी होता. संगीता बासफोर हिने २९ व्या मिनिटाला भारताचा पहिला गोल केला. उत्तरार्धाच्या सुरुवातीसच थायलंडने बरोबरी साधली. ७४ व्या मिनिटाला संगीतानेच दुसरा गोल केला व तोच निर्णायक ठरला.

पात्रता फेरीतून इराण, भारत, बांगलादेश, चायनीज तैपेई, व्हिएतनाम, उझबेकिस्तान, फिलिपाईन्स व उत्तर कोरिया हे ८ संघ अंतिम टप्प्यात पोहोचले. बांगलादेशचा हा पहिलाच प्रवेश होता. उझबेकिस्तानने नेपाळला शूटआउटमध्ये मागे टाकले. अंतिम टप्पा ऑस्ट्रेलियात १ ते २१ मार्च २०२६ या काळात ठरवण्यात आला. सोडतीत भारताला जपान, व्हिएतनाम व चायनीज तैपेई यांच्यासह क गट मिळाला.

विश्वचषकाशी संबंध

महिला विश्वचषकासाठी आशियात वेगळी पात्रता फेरी घेतली जात नव्हती. आशिया चषकाचा अंतिम टप्पा हीच विश्वचषकाची पात्रता स्पर्धा ठरे. त्यामुळे आशिया चषकाला न पोहोचलेल्या संघाचे विश्वचषकाचे दार चार वर्षांसाठी बंद होई.

२०२३ च्या विश्वचषकासाठी आशियाला थेट ५ जागा होत्या. सहयजमान ऑस्ट्रेलियाची जागा याव्यतिरिक्त होती. २०२२ च्या स्पर्धेतील उपांत्य फेरीचे चार संघ थेट पात्र ठरले. उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या संघांपैकी ऑस्ट्रेलिया वगळता व्हिएतनाम, थायलंड व चायनीज तैपेई यांच्यात एका जागेसाठी साखळी सामने झाले. व्हिएतनामने दोन्ही सामने जिंकून ही जागा मिळवली. उरलेले दोन संघ आंतरखंडीय फेरीत गेले.

२०२७ चा विश्वचषक ब्राझीलमध्ये होणार असून त्यात ३२ संघ असतील. आशियासाठी ६ थेट जागा व आंतरखंडीय फेरीतील २ जागा ठेवण्यात आल्या. २०२६ च्या आशिया चषकातील उपांत्य फेरीचे चार संघ थेट पात्र ठरावेत, उपांत्यपूर्व फेरीतील चार पराभूत संघांमध्ये दोन सामने व्हावेत, त्यांतील विजेत्यांना थेट प्रवेश मिळावा व पराभूत संघांनी आंतरखंडीय फेरी खेळावी, अशी रचना करण्यात आली. याचा अर्थ, आशियातील अव्वल आठांत येणाऱ्या प्रत्येक संघाला विश्वचषकाची किमान एक संधी मिळते.

यजमानपदाचा प्रवेश व त्याच्या मर्यादा

यजमानाला थेट प्रवेश देण्यामागे दोन हेतू असतात. स्थानिक प्रेक्षकांना आपला संघ खेळताना पाहायला मिळावा आणि त्या देशात खेळाचा प्रसार व्हावा. भारताने या सवलतीचा लाभ एकाच वर्षात दोनदा घेतला. आशिया चषकानंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला व त्यात भारताला यजमान म्हणून प्रवेश होता. भुवनेश्वर येथे खेळलेले तिन्ही सामने भारताने गमावले. अमेरिकेने ८–०, मोरोक्कोने ३–० व ब्राझीलने ५–० असा विजय मिळवला. स्पर्धेचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला व स्पेन विजेता ठरला.

यजमानपदावर मिळालेले स्थान संघाच्या कामगिरीवर अवलंबून नसते. म्हणूनच ते मैदानाबाहेरच्या कारणांनी जाऊही शकते. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले, तेव्हा १७ वर्षांखालील विश्वचषकाचे यजमानपद धोक्यात आले होते. त्याच महिन्यात निलंबन उठल्यानंतरच स्पर्धेचा मार्ग मोकळा झाला. शिवाय, यजमान संघाला पात्रता फेरीतील सामने मिळत नाहीत. तुल्यबळ संघांविरुद्ध, निकालाला महत्त्व असलेल्या सामन्यांचा अनुभव मैत्रीपूर्ण सामन्यांतून पूर्णपणे मिळत नाही. २०२५ मध्ये वरिष्ठ संघापाठोपाठ २० व १७ वर्षांखालील भारतीय मुलींचे संघही पात्रता फेरीतून आपापल्या वयोगटाच्या आशिया चषकात पोहोचले. यजमानपदाविना मिळालेले हे तिन्ही प्रवेश भारतीय महिला फुटबॉलच्या प्रगतीचे अधिक विश्वसनीय मोजमाप मानता येतात.

राष्ट्रीय संघापर्यंतचा मार्ग

राष्ट्रीय संघाची पात्रता व खेळाडूची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संघ पात्र ठरतो तो सामने जिंकून; खेळाडूची निवड मात्र महासंघाचे प्रशिक्षक करतात. भारतीय संघात खेळण्यासाठी भारतीय नागरिकत्व आवश्यक आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूला, तिच्याकडे ‘ओसीआय’ कार्ड असले तरी, भारताकडून खेळता येत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात वाढलेल्या मराठी कुटुंबांतील मुलींनाही हाच नियम लागू होतो. याउलट फिलिपाईन्सने परदेशात वाढलेल्या व दुहेरी नागरिकत्व असलेल्या खेळाडूंच्या बळावर आपला संघ उभा केला.

महाराष्ट्रातील मुलींसाठी शालेय स्पर्धा ही पहिली पायरी असते. क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या वतीने तालुका किंवा जिल्हा पातळीपासून विभाग व राज्य पातळीपर्यंत स्पर्धा होतात. सुब्रतो मुखर्जी चषकात १७ वर्षांखालील मुलींचा स्वतंत्र गट आहे. पुणे जिल्ह्यातील भोर किंवा वेल्हे (राजगड) यांसारख्या डोंगराळ तालुक्यातील शाळेचा संघ जिल्हा, विभाग व राज्य असे टप्पे जिंकत गेला, तर तो राष्ट्रीय पातळीवर पोहोचतो. प्रत्येक टप्प्यावर एकच विजेता पुढे जातो. या अर्थाने शालेय स्पर्धेची रचना व आशिया चषकाच्या पात्रता फेरीचे तत्त्व एकच आहे.

पुढील पायरी राज्याच्या संघाची असते. महाराष्ट्रात फुटबॉलचे नियमन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन ही संस्था करते. राज्यसंघांची वरिष्ठ महिला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९९१-९२ पासून होत असून मणिपूरने ती सर्वाधिक वेळा जिंकली आहे. या स्पर्धेलाही स्वतःची पात्रता रचना आहे. राज्यसंघ प्रथम गटांत खेळतात व त्यांतील यशस्वी संघ अंतिम फेरीत जातात. स्पर्धेच्या करंडकाला राजमाता जिजाबाई यांचे नाव आहे. जिजाबाईंचे वास्तव्य लाभलेला राजगड किल्ला वेल्हे तालुक्यात आहे आणि अलीकडे या तालुक्यालाही राजगड हे नाव देण्यात आले आहे. राज्यसंघातील व इंडियन विमेन्स लीगमधील कामगिरीवरून खेळाडूंना राष्ट्रीय सराव शिबिरासाठी बोलावले जाते आणि त्यांतून पात्रता फेरीत उतरणारा भारतीय संघ निवडला जातो.